दारूचा खाडा

आमच्या घरात दुधाचा हिशोब कॅलेंडरवर असायचा. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला कालनिर्णय आणि त्याला सुतळीने बांधलेली बोटभर पेन्सिल. दूधवाला आला नाही की त्या दिवसाच्या चौकोनात बाबा बारीक अक्षरात 'खा' लिहायचे. खा म्हणजे खाडा. पाहुणे आले, अर्धा लिटर जास्त घेतलं, तर तीही नोंद. महिना संपला की खाडे वजा करून पैसे चुकते. गॅसची टाकी कधी लावली, लाइटबिल कधी भरलं, धुण्याच्या मावशी किती दिवस आल्या नाहीत, सगळं त्या चौकोनांत सापडायचं. बाबा भुसावळला रेल्वेत कारकून होते. नोंदी करण्यात आणि ताळा जमवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि घरी आल्यावरही आकडा जुळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एकच गोष्ट त्या कॅलेंडरवर कधी आली नाही.

बाबा घ्यायचे. 'पिणं' हा शब्द आमच्या घरात वापरला जात नव्हता. पिणारे ते दुसरे, नाल्याजवळ पडलेले, बायकोला मारणारे. बाबा घ्यायचे. फार झालं तर आई म्हणायची, "आज त्यांचं जरा जास्त झालंय, आवाज करू नका." पगार घरात येत होता, आमच्या फिया वेळेवर भरल्या जात होत्या, त्यांनी कधी कोणावर हात उचलला नाही. त्यामुळे ते दारुडे नव्हते. लग्नाच्या बायोडेटात लिहितात तसे निर्व्यसनीही नव्हते. या दोन शब्दांच्या मधे एक भलीमोठी जागा आहे. बाबा त्या जागेत वीसेक वर्षं राहिले. आपल्याकडे तिला नाव नाही, आणि नाव नाही म्हणून तिथल्या माणसाची विचारपूसही कोणी करत नाही.

पुढे त्यांच्या पोटात पाणी झालं, पायांना सूज आली. दवाखान्यात दाखल करून घेताना एक तरुण डॉक्टर फॉर्म भरत होते. खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "काका, रोज किती घेता?"

बाबा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोजली नाही कधी."

मी पलंगाशेजारी उभी होते. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, नवल होतं. आयुष्यभर सगळं मोजलेल्या माणसाला हा हिशोब आपण कधी मांडलाच नाही हे तेव्हा, त्या पलंगावर, पहिल्यांदा लक्षात येत होतं. त्याआधी त्यांना सांगितलं सगळ्यांनी होतं. आजीने गळ्याची शपथ घातली होती, मामांनी चारचौघांत सुनावलं होतं, साहेबांनी केबिनमध्ये बोलावून समज दिली होती, मी दहावीत असताना चिठ्ठी लिहून त्यांच्या उशीखाली ठेवली होती. पण किती घेता, कधी घेता, घेतल्यावर काय बरं वाटतं, हे वीस वर्षांत एकाही माणसाने विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्यानंतर सात महिन्यांनी बाबा गेले.

आता मी हाच प्रश्न विचारण्याचं काम करते, आणि तो फोनवर विचारते.

समाजकार्याचं शिक्षण झाल्यावर काही वर्षं मी गावोगाव फिरत होते. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली, आणि ज्यांना रोज लागत होती त्यांच्या घरांतून आमच्याकडे फोन यायला लागले. जाता तर येत नव्हतं. जळगावच्या घरात, माळ्यावरच्या खोलीत, पत्रे तापलेले असताना मी फोन घ्यायला बसले. वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांची सोय आहे. सगळं उघडल्यावर मी पुन्हा गावात जायला लागले, तेव्हा लक्षात आलं की फोनवर जी माणसं माझ्याशी बोलत होती ती प्रत्यक्षात समोर येतच नव्हती. म्हणून फोनचं काम सुरूच ठेवलं. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांची गावं, धंदे, ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत.

समोर न येण्याचं कारण आपल्या गावांना माहीत आहे. पारोळ्याच्या स्टँडवर उतरलेला माणूस कोणाच्या घरी निघाला हे तो पोचायच्या आत तिथे कळलेलं असतं. व्यसनमुक्तीचा बोर्ड असलेल्या दारात एकदा पाय ठेवला की कपाळावर शिक्का. पोरीची सोयरीक जमायची असते, सोसायटीची निवडणूक असते, भाऊबंदकीत जमिनीचा वाद चालू असतो. मधल्या जागेतला माणूस त्या दारात जाणारच नाही. त्याच्या मते ते दार दारुड्यांचं असतं आणि तो तर फक्त घेतो. फोन मात्र तो शेतातून करतो. बांधावर रेंज असते, आजूबाजूला कपाशी, आणि पलीकडचा आवाज कोण्या ताईचा, जिने त्याचं तोंड पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. या न दिसण्याचा मोठा आधार असतो. समोर बसलेल्या माणसाला मी पाचव्या भेटीत जे विचारू शकले असते, ते फोनवर पहिल्या दहा मिनिटांत बोललं जातं.

या कामाला इंग्रजीत 'ब्रीफ इंटरव्हेन्शन' म्हणतात. मी 'थोडक्यात बोलणं' म्हणते, कारण असतं ते तेवढंच. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतचं एक बोलणं, फार तर असे तीन-चार फोन. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची यादी त्याच्या मुळाशी आहे. किती वेळा घेता, घेता तेव्हा किती, एका बैठकीत सहा किंवा जास्त पेयं कितीदा होतात, सुरू केल्यावर थांबता येत नाही असं होतं का, सकाळी उठल्या उठल्या लागते का, रात्रीचं आठवत नाही असं झालं का, कोणाला लागलं-खुपलं का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी काळजी बोलून दाखवली का. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, जास्तीत जास्त चाळीस. आठच्या खाली असलं तर ठीक. आठ ते पंधरा असेल तर साधा सल्ला, सोळा ते एकोणीस असेल तर जरा बसून बोलणं. वीस किंवा त्याच्या वर गेलं की मग डॉक्टर. माझं काम आठ आणि वीसच्या मधलं. बाबांच्या जागेला नाव नसलं तरी तिला आकडे आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी प्रशिक्षणातून घरी येताना एसटीत मला रडू आवरलं नव्हतं.

यादी सोपी आहे, विचारणं अवघड. "किती वेळा घेता?" याचं खान्देशातलं उत्तर "कधीमधी, कार्यक्रम असला तर." आणि कार्यक्रम नेहमीच असतो. लग्न, बारसं, बैलजोडी विकली, कापसाचा पैसा आला, कापसाचा पैसा आला नाही. त्यामुळे मी सुरुवात दुसरीकडून करते. विचारते, "श्रावण पाळता का?"

हा प्रश्न मला कोणत्या पुस्तकाने दिला नाही. आमच्याकडे खान्देशात श्रावणात कानबाई देवी बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. रोट असतात, भाऊबंद एकत्र येतात, घर सारवून-रंगवून तयार होतं. वर्षभर न चुकता घेणारे किती तरी पुरुष या महिन्यात बाटलीला हात लावत नाहीत, आणि कोणी सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून. श्रावणाचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस एकदम ताठ होतो. "पूर्ण पाळतो, ताई. पोळ्यापर्यंत नाव नाही." त्याच्या आवाजातला तो अभिमान मला हवा असतो. आतापर्यंत सगळ्यांनी त्याला तुझ्यात दम नाही असंच सांगितलेलं असतं, आणि इथे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो की महिनाभर जमतं. मग मी विचारते, पहिले दोन-तीन दिवस कसे जातात? झोप लागते का? हात थरथरतात का? घाम सुटतो का? या उत्तरांवरून मला कळतं की पुढचं बोलणं फोनवर करायचं की त्याला दवाखान्यात पाठवायचं.

अशाच एका जिभाऊंचा फोन. धुळे तालुक्यातली चार एकर कपाशी, विहिरीवर मोटर. शेतीची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्री येते, म्हणजे रात्री बाराला उठून पाणी भरायला जायचं. थंडी, अंधार, साप-विंचवाचं भय. तिथून सुरुवात झाली. पहिली दहा मिनिटं ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत होते, तहसील कचेरीत बोलावं तसं. श्रावणाचं विचारल्यावर भाषा सैल झाली. "खरं सांगू का ताई, मनं मलेच समजत नही किती व्हई जास." माणूस अहिराणीत, आमच्या खान्देशी बोलीत, आला की मी पेन खाली ठेवते. त्याच्यापुढे फक्त ऐकायचं असतं.

रोज किती, तर दोन पेग. हे 'दोन पेग' मी हजारदा ऐकलं आहे. आपल्याकडे एक प्रमाण पेय म्हणजे दहा ग्रॅम अल्कोहोल धरतात. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेल्या दारूचे तीस मिली म्हणजे साधारण एक. या हिशोबाने एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, सहा होतात, आणि ६५० मिलीच्या साध्या बिअरच्या बाटलीत अडीच. देशी असो की इंग्लिश, आकडा टक्क्यांवर ठरतो, लेबलवर नाही. पण हे असं सांगितलं तर ते कानाआड जातं, म्हणून मी जिभाऊंना म्हटलं, घरात लेकराच्या तापाच्या औषधाची बाटली आहे का? होती. तिचं टोपण दहा मिलीचं. म्हटलं, तुमचा नेहमीचा ग्लास घ्या, आणि तुम्ही रोज ओतता तिथपर्यंत त्यात साधं पाणी ओता. मग ते पाणी टोपणाने मोजून काढा.

फोन त्यांनी ओट्यावर ठेवला असावा. स्टीलच्या ग्लासात पाणी पडल्याचा आवाज आला. मग ते मोजायला लागले. एक. दोन. तीन. चारपर्यंत आवाजात थोडी मजा होती. पाचाला ती गेली. सहा. सात. मागे कोणी बाई काही तरी म्हणाली, त्यांनी तिला "थांब व" म्हटलं. आठ. नऊला ग्लास रिकामा झाला.

नऊ टोपणं म्हणजे नव्वद मिली. तीन पेग एका ग्लासात, असे दोन ग्लास रोज. रोजची एक क्वार्टर, सहा पेयं, आणि जिभाऊ इतकी वर्षं अगदी प्रामाणिकपणे 'दोन' सांगत होते. मी काहीच बोलले नाही. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "म्हनीसन खंबा चार दिनमा सरी जास." खंबा म्हणजे ७५० मिलीची बाटली.

मी सांगितलं असतं तर ते भांडले असते. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' या पद्धतीची मांडणी केली, तिचा मला समजलेला गाभा एवढाच आहे: दारूच्या विरुद्धची बाजू समुपदेशकाने मांडली की पिणारा दारूची बाजू घेतो, म्हणून ती बाजू त्यालाच मांडू द्यावी. आपल्या घरांत याच्या नेमकं उलट चालतं. बायको ओरडते, तो म्हणतो, "फार नाही घेतली." आणि जितक्या वेळा तो हे म्हणतो तितकं ते त्याला खरं वाटायला लागतं.

जिभाऊंचे ऑडिटचे गुण सतरा आले. आकडा मी त्यांना जसाच्या तसा सांगितला, त्याचा अर्थ सांगितला, यकृताचं आणि रक्तदाबाचं चार वाक्यांत सांगितलं. मग म्हटलं, ठरवायचं तुम्ही. सोडायची तर सोडा, कमी करायची तर कशी, तेही तुम्हीच सांगा. मी काही वाटा पुढे ठेवल्या: खंबा घरात आणायचा नाही, जेवल्याशिवाय घ्यायची नाही, टोपणाने मोजून घ्यायची, पाण्याच्या पाळीला थर्मासमध्ये चहा न्यायचा, आठवड्यातून काही दिवस अजिबात नाही. ते म्हणाले, सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा, ते दोन दिवस सोडता येतील. खंबा आणणार नाही. उरलेल्या दिवशी ग्लासात तीन टोपणं.

"लिहून कुठे ठेवाल?" मी विचारलं.

"कॅलेंडरवर. बायको दुधाचे खाडे लिहिते तिथंच. मीबी खाडा लिहीन. दारूचा खाडा."

माळ्यावरच्या खोलीत मी तशीच बसून राहिले. त्यांना काय सांगणार होते? "चालेल, जिभाऊ," म्हटलं, आणि आठ दिवसांनंतरची वेळ ठरवली.

एवढ्याने काय होतं, असं मला ओळखीचे डॉक्टरही विचारतात. एका फोनने दारू सुटते का? सुटत नाही, बहुतेकांची कमी होते, आणि तीही थोडी. २०१७ मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने संगणक आणि मोबाइलवरून दिलेल्या अशा मदतीवरचे ५७ अभ्यास एकत्र तपासले. मदत मिळालेली माणसं बाकीच्यांपेक्षा आठवड्याला सुमारे २३ ग्रॅम अल्कोहोल कमी घेत होती. तेवीस ग्रॅम म्हणजे अर्धी क्वार्टरसुद्धा नाही. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझाही धीर खचला होता. मग मी बाबांचा हिशोब मांडला. आठवड्याला तेवीस ग्रॅम, बावन्न आठवडे, वीस वर्षं. सुमारे चोवीस किलो शुद्ध अल्कोहोल त्यांच्या यकृतातून कमी गेलं असतं. त्याने ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण एवढासा आकडा वर्षानुवर्षांच्या चौकोनांत भरत गेला की केवढा होतो, हे मला त्या बेरजेने दाखवलं.

आणि माणसं किती आहेत तेही बघा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने देशात दारू घेणारे १६ कोटी सांगितले, आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांचं पिणं त्यांना अपाय करणारं किंवा त्यांच्या ताब्याबाहेर गेलेलं. एवढ्यांना मानसोपचारतज्ज्ञ कुठून पुरणार? नंदुरबारच्या पाड्यांवरून तर जिल्ह्याच्या गावाला येण्यातच दिवस मोडतो. गोव्यात संगथ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांकडून हे काम करवून घेतलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले ३७७ पुरुष, जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी ज्यांच्याशी असं बोलणं झालं त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, बाकीच्यांतले २६ टक्के. २०१७ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या भेटी समोरासमोरच्या होत्या, पण शंभरातली दहा माणसं जास्तीची सावरणं ही माझ्यासारखीने केलेल्या कामाची कमाई असू शकते, हे मी तिथून शिकले.

याहून जुनी एक हकीकत मला फार आवडते. १९७७ मध्ये लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि जिम ऑरफर्ड यांनी शंभर विवाहित पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे चांगलेच पिणारे होते. अर्ध्यांना त्या काळातले सगळे उपचार महिनोन्महिने दिले. उरलेल्यांना फक्त एकदा बसवून, बायकोसमोर, सविस्तर सल्ला दिला: ही जबाबदारी आता तुमची, दोघांची. वर्षाने पाहिलं तर दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. उपचार नकोत असा याचा अर्थ मी घेत नाही. नीट तपासणी आणि एकदा आदराने केलेलं बोलणं यातही वजन असतं, एवढा घेते. आणि बायको त्या खोलीत होती हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे ती खोलीच्या बाहेर, दाराआड उभी असते.

बायकांचे फोन जास्त येतात, हे सांगायला हवं. "ताई, तुम्ही त्यांना काही तरी सांगा," इथून त्या सुरुवात करतात. मी सांगत नाही. त्यांनाच दोन गोष्टी सांगते: घेतलेल्या माणसाशी त्या रात्री वाद घालू नका, सकाळी बोला, आणि बोलताना 'तुम्ही' सोडून 'मला' पासून सुरुवात करा, मला काल भीती वाटली, मला झोप आली नाही. मारहाण होत असेल तर हे काहीच लागू नाही. तिथे आधी तिची आणि लेकरांची सुरक्षितता, ११२ ला फोन, माहेरचं किंवा शेजारचं दार.

आमच्या मुलखातल्या बायकांनी दारूशी मोठी झुंज दिली आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याच्या आदिवासी बायकांनी गावोगाव मोर्चे नेऊन दारूची मडकी फोडली होती. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, तळोद्याकडच्या गुला महाराजांनी आरतीला जमलेल्या हजारो भिल्ल बांधवांना दारू सोडायला लावली होती. पुढे गावातल्या बायकांच्या मतदानाने दुकान बंद करायची, 'आडवी बाटली'ची वाट कायद्यात आली. या सगळ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बाटली आडवी झालेल्या गावातही पुढच्या फाट्यावर ती उभीच असते, आणि कपाटात साड्यांच्या मागे ठेवलेल्या खंब्यापर्यंत मोर्चा पोचत नाही. तिथे एकेकट्या माणसाशीच बोलावं लागतं.

फोन कुठे कमी पडतो, हेही मी एका फोनवरच शिकले. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. सकाळचे आठ. पन्नाशीचा माणूस, मोठ्या निर्धाराने बोलत होता: काल लेकीसमोर शपथ घेतली, आता थेंबही नाही. त्याच्या बोलण्यामागे सारखा एक आवाज येत होता, चिनी मातीचा, बारीक, थांबून थांबून. मी विचारलं, काय वाजतंय? तो म्हणाला, चहा पितोय. कप बशीवर वाजत होता. दोन्ही हातांनी धरूनही वाजत होता.

त्याला मला सांगावं लागलं की भाऊ, अशी एकदम सोडू नका. लेकीने फोन घेतला, ती रागावली. इतक्या वर्षांनी बाप सोडतो म्हणतोय आणि तुम्ही नको म्हणता? तिचा राग बरोबर होता. पण ज्याच्या शरीराला रोजची सवय झाली आहे, सकाळी घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत, त्याने एका दिवसात बंद केली तर फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसायला लागतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीवही जातो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊनच बंद करायची असते. मी लेकीला एवढंच म्हणाले, त्यांची शपथ मोडायची नाही, ती सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन पाळायची आहे, आणि आजच. गाडी मिळाली. तो सात दिवस तिथे होता. आजही मी फोनवर आधी शब्दांच्या मागचे आवाज ऐकते.

ज्यांना माझ्यासारखं कोणी ओळखीचं नाही त्यांच्यासाठी सरकारचे दोन नंबर आहेत, दोन्हींना पैसे पडत नाहीत. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेलं टेली-मानस, १४४१६, मराठीतही बोलतात. आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६. लावून बघा. घरातल्या माणसासाठी लावला तरी चालतो.

जिभाऊंचे पुढचे फोन सरळ रेषेत गेले नाहीत. पहिल्या आठवड्यात दोन खाडे. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात साल्याच्या हळदीला गेले आणि सगळंच मोडलं, चार दिवस त्यांनी फोन उचलला नाही. मी एकच मेसेज टाकला, "जिभाऊ, रागावले नाही. कसं चाललंय एवढंच विचारायचं होतं." पाचव्या दिवशी फोन आला. कॅलेंडरवर त्या दिवसांचं काही लिहिलं नव्हतं, त्यांनी माझ्याशी बोलता बोलता लिहिलं. हळदीच्या दिवशी पंधरा टोपणं. खोटं लिहिलं असतं तरी मला कळणार नव्हतं.

मग श्रावण आला, तो त्यांचा हक्काचा महिना. कानबाईच्या रोटांचा निरोप आला, मला जाता आलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मला धाकधूक होती. बैलांची पूजा झाली, मिरवणूक झाली, महिनाभराचं पथ्य संपलं, त्या रात्री खान्देशात किती बाटल्या उघडतात हे मला माहीत आहे. मी फोन केला नाही. वाट पाहिली.

महिन्याच्या शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. भिंतीवरचं कॅलेंडर, ट्यूबलाइटचा उजेड चकाकून एक कोपरा दिसत नव्हता. मी तो मोठा करून पाहिला. वहिनींच्या निळ्या पेनने दुधाचे चार खाडे. जिभाऊंनी लाल पेन घेतलं होतं, अक्षर मोठं, शाळेतल्या पोरासारखं. पोळ्याच्या दिवशी 'तीन'. त्यानंतर खा, खा, तीन, खा, तीन, तीन, खा. एका चौकोनात दोघांचेही 'खा' शेजारी शेजारी. आणि २३ तारखेचा चौकोन कोरा.

मी फोन लावला. मोटर चालू होती, पाण्याचा आवाज येत होता.

"फोटो पाहिला, जिभाऊ. तेवीस तारखेला काय झालं?"

ते लगेच बोलले नाहीत. चालत थोडं लांब गेले असावेत, मोटरचा आवाज मागे पडत गेला.

"सांगस ताई," ते म्हणाले. "टाइम शे ना तुम्हले?"

मी पेन खाली ठेवलं.